जिन्यावरची राष्ट्रीय मान्यता

सोलापूरचा माणूस चादर घेताना दुकानदाराच्या बोलण्यावर जात नाही. तो घडी मोडतो, चादर उलटी करतो, मागच्या अंगाला तीच नक्षी उलट्या रंगात नीट उतरलीय का ते बघतो, कोपरा मुठीत धरून वजन जोखतो आणि 'ही आपल्याकडची नव्हे' म्हणून बाजूला सारतो. 'अस्सल सोलापुरी' असं छापलेलं लेबल त्याला दाखवायला जाऊ नये. लेबलं कुठं कुठं शिवली जातात हे त्याला पाठ असतं. हाच माणूस पोरासाठी पदवी घ्यायला निघाला की मात्र फक्त लेबल वाचतो, पैसे मोजतो आणि पावती मागायलाही लाजतो.

माझा भाचा श्रीशैल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. गाडी भरायची श्रीशैलनं, बिल करायचं श्रीशैलनं, माल उशिरा पोचला की व्यापाऱ्याच्या शिव्याही त्यानंच खायच्या. पण अकाउंट्सच्या खुर्चीत बसायचं तर पदवीधर पाहिजे, असं मालकाच्या नव्या सुनेनं जाहीर केलं. सुनबाई एमबीए आहेत. त्याच संध्याकाळी बारावी पास श्रीशैल माझ्याकडे आला. हातात आर्ट पेपरवर छापलेलं गुळगुळीत माहितीपत्रक.

"मामा, नवी पेठेत एका जिन्यावर एक सर हायत. राष्ट्रीय मान्यतेची बी.कॉम. म्हणलालेत. घरबसल्या."

मी पत्रक उघडलं. पहिल्या पानावर लाल किल्ला. त्याच्यावर अशोकस्तंभासारखं काहीतरी, पण सिंहांची तोंडं जरा मांजरासारखी. खाली गोल शिक्क्यांची रांग: यूजीसी, नॅक, आयएसओ आणि एकावर नुसतंच 'भारत सरकार'. 'नॅशनल' हा शब्द मी मोजला, सात वेळा. विद्यापीठाचं नाव चौथ्या पानावर बारीक टाइपात होतं. ते गाव नकाशात सापडेपर्यंत श्रीशैलनं दोन बोटांनी मोबाइलचा स्क्रीन पार ताणून काढला.

इथवर सगळं रीतसर चाललं होतं. पण पोरानं पत्रकाचा फोटो काढून घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि न्यू जर्सीहून मावशी जागी झाली. तिनं ठणकावलं: "नॅशनल अजिबात नको! रीजनल ॲक्रेडिटेशन असेल तरच ॲडमिशन घे." लगेच पुण्याचे काका: "नॅशनलपेक्षा रीजनल मोठं कसं? जिल्हा परिषद लोकसभेपेक्षा मोठी का?" मग दोन दिवस त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलंसुद्धा आली नाहीत, एवढी चर्चा पेटली.

मावशीचं चुकलं नव्हतं, गाव चुकलं होतं. अमेरिकेत खरोखरच हा उलटा कारभार होता. देशाचे भाग पाडून त्या त्या भागातल्या जुन्या संस्था कॉलेजं तपासायच्या, त्यांचा शिक्का तो 'रीजनल'. हार्वर्डसुद्धा न्यू इंग्लंडच्या अशाच प्रादेशिक संस्थेच्या पंगतीत. 'नॅशनल' शिक्क्याची कॉलेजं म्हणजे बरीचशी धंदेशिक्षणाची, नफ्यावर चालणारी. तिथं मिळवलेले क्रेडिट रीजनलवाली कॉलेजं बहुधा दारातूनच परत पाठवायची. जुलै २०२० पासून तिथल्या शिक्षण खात्यानं हा भेद कागदावरून पुसला, मनातून पुसायला अजून वेळ लागेल. सोवळं-ओवळं काही आपलीच मक्तेदारी नाही.

पण या सगळ्याचा श्रीशैलच्या बी.कॉम.शी संबंध काय? नवी पेठेच्या जिन्यावर न्यू जर्सीचं सोवळं चालत नाही. आपल्याकडे पदवी द्यायचा अधिकार कुणाला, ते १९५६च्या यूजीसी कायद्याच्या २२व्या कलमानं सांगून ठेवलंय: संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्यानं झालेलं विद्यापीठ, नाहीतर अभिमत विद्यापीठ, नाहीतर संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कुणी 'राष्ट्रीय', 'आंतरराष्ट्रीय' किंवा 'ब्रह्मांडीय' पाटी लावली तरी ती पाटीच. यूजीसी दर थोड्या दिवसांनी बोगस विद्यापीठांची यादी काढते. दिल्लीची नावं त्यात भरपूर, आणि महाराष्ट्राच्या खात्यावर नागपूरचं एक नाव वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. यादी बाहेर पडली की पेपरात दोन कॉलम येतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात 'घरबसल्या पदवी'ची जाहिरात.

आता विद्यापीठ खरं निघालं तरी चादर अजून उलटायची राहिली. दूरशिक्षणाला यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोची, म्हणजे डीईबीची, वेगळी परवानगी लागते. ती विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. कुठल्या अभ्यासक्रमाला, कुठल्या सत्रापासून, असं नावनिशीवार मिळते. एम.ए.ला आहे म्हणून बी.कॉम.ला असेलच असं नाही, गेल्या साली होती म्हणून यंदा असेलच असंही नाही. शिवाय इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, वकिली, पीएच.डी. हे दुरून देताच येत नाही. तरी 'दुरून बी.टेक.'वाले भेटतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं उदयपूरपासून सेलमपर्यंतच्या चार अभिमत विद्यापीठांच्या अशा दूरस्थ इंजिनिअरांचा निकाल लावला. २००१ ते २००५ मधल्या तुकड्यांना पुन्हा परीक्षेला बसवलं, नंतरच्यांच्या पदव्या थेट रद्द. वर्कशॉप न बघता इंजिनिअर झालेली माणसं नोकरीत दहा-दहा वर्षं जुनी झाली होती. ती चारही खरी विद्यापीठं होती, कुणी जिन्यावरचे सर नव्हते.

आणि खरा 'प्रादेशिक' मुद्दा पुढेच आहे, जो मावशीलाही ठाऊक नाही आणि काकांनाही. राज्याच्या कायद्यानं झालेल्या विद्यापीठानं दूरशिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच द्यायचं. दुसऱ्या राज्यात अभ्यासकेंद्र थाटायचं नाही, फ्रँचायझी तर कुणालाच द्यायची नाही. आपण सोलापूरकर हद्दीच्या बाबतीत तसे ढिलेच. एक पाय कर्नाटकात, जीभ तीन भाषांत, सोयरीक विजापूर-कलबुर्गीला. म्हणून शेजारचीच गोष्ट सांगतो. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ चांगलं सरकारी, १९९६ चं. पण राज्याबाहेर खासगी संस्थांमार्फत दुकानं लागली, तांत्रिक अभ्यासक्रमही विकले गेले आणि २०१५च्या जूनमध्ये यूजीसीनं मान्यता काढून घेतली. तीही मागं जाऊन, २०१३-१४ पासून. ती परत मिळेपर्यंत २०१८ उजाडलं. मधल्या पोरांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? फी भरली होती, एवढंच. छत्तीसगडनं तर २००२ साली असा कायदा केला की शंभराच्या वर खासगी विद्यापीठं उगवली, काहींचा पसारा एखाद्या खोलीपुरता. यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल कोर्टात गेले तेव्हा २००५ साली ती सगळी एका फटक्यात मिटली.

यातून पळवाट एकच, 'ऑनलाइन'. ऑनलाइन पदवीला हद्द नाही, पण तिची परवानगी दूरशिक्षणाहून वेगळी असते. दोन्ही शब्द एका दमात उच्चारून गिऱ्हाइकाला गोंधळवणं ही जिन्यावरची खरी विद्या.

राहिले शिक्के. नॅक म्हणजे बंगळुरूची तपासणी करणारी संस्था. ती परवाना देत नाही, गुण देते. साध्या विद्यापीठाला दूरशिक्षणात उतरायचं तर ४ पैकी निदान ३.०१ गुण लागतात, नाहीतर एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या पहिल्या शंभरांत नंबर, म्हणून हा शिक्का सगळ्यांना हवा. किती हवा? तर २०२५च्या फेब्रुवारीत सीबीआयनं नॅकच्या पाहणी समितीतल्याच लोकांना लाचेच्या प्रकरणात अटक केली. चांगल्या श्रेणीसाठी सोनं, रोकड, लॅपटॉप दिल्याचा आरोप आहे. आणि आयएसओ? ते तर शेंगाचटणीच्या कारखान्यालाही मिळतं. चटणीला निदान चव असते.

हे सगळं ऐकून श्रीशैल म्हणाला, "मग मामा, घेऊ तरी कुठली बे?" मामाला 'बे' म्हणायचा हक्क सोलापुरात भाच्याला जन्मतःच मिळतो, बाहेरच्यांनी दचकू नये.

मी म्हटलं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे की. १९८९ साली राज्याच्या कायद्यानं झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले. बारावीचं तोंड न बघितलेल्या कित्येक बायकांना 'पूर्वतयारी'चा पेपर देऊन त्यानं पदवीच्या दारात आणलं. हद्द महाराष्ट्र, श्रीशैलही महाराष्ट्रातच. इंग्रजीचा दम असेल तर इग्नू आहे, संसदेच्या कायद्याचं, १९८५ चं. खऱ्या अर्थानं 'राष्ट्रीय' म्हणायचं तर ते.

यावर माझ्या बहिणीचा, म्हणजे श्रीशैलच्या आईचा चेहरा पडला. "नाशिक? ते तर एस.टी.नं जाता येतं."

ही आमची खरी अडचण. दूरशिक्षणातला 'दूर' आम्ही फार मनावर घेतलाय. विद्यापीठ जितकं लांब, नाव उच्चारायला जितकं अवघड, तितकी पदवी भारी. पिकतं तिथं विकत नाही, हे चादरीनं आम्हाला शिकवलं आणि आम्ही ते शिक्षणाला लावलं. २००४ साली शिवाजी विद्यापीठातून वेगळं होऊन फक्त आपल्या जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ झालं, तेव्हाही 'आता डिग्रीवर कोल्हापूर नाही येणार' म्हणून हळहळणारे लोक मी बघितलेत. आज त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे, तरी लग्नाच्या बायोडाटात पोराचं शिक्षण 'पुण्यात' लिहायची हौस जात नाही. आणि मुक्त विद्यापीठाची पदवी 'तसली' असते, हे तर बहिणीनं कुजबुजत सांगितलं, जणू घरात कुणाला काही झालंय. रीतसर परवानगीनं मिळवलेली दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीचीच धरायची, असं यूजीसीनं २०२२ साली पुन्हा एकदा लिहून कळवलं. बहिणीला अजून कळवलेलं नाही.

तरी तिच्या समाधानासाठी आम्ही तो जिना चढलो. खाली झेरॉक्स, वर प्लायवूडचं पार्टिशन. अर्ध्यात विद्यापीठ, अर्ध्यात पासपोर्ट फोटो. सरांच्या गळ्यात टाय, टेबलावर पृथ्वीचा गोल. श्रीशैलनं विचारलं, या बी.कॉम.ला यंदाच्या सत्राची डीईबीची परवानगी दाखवता का. सर हसले. "अप्लाय केलंय. आठवड्यात येतंय." आणि महाराष्ट्रात केंद्र चालवायची? सर पृथ्वीच्या गोलाला हळूच गिरकी देत म्हणाले, "आता ग्लोबल जमाना आहे." मग आमच्या हातातलं माहितीपत्रक त्यांनी अलगद काढून घेतलं. कलर प्रिंट महाग पडते म्हणाले.

रविवारी श्रीशैल नाशिकच्या प्रवेशासाठी माझ्या डायनिंग टेबलावर मोबाइल घेऊन बसला. २०२४ पासून दूरस्थ पदवीच्या प्रवेशाला आधी एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या बँकेतला नंबर, आणि डीईबी-आयडी काढावा लागतो. कुणी कुणाच्या नावावर भलत्याच विद्यापीठात नाव घुसवू नये म्हणून ही सोय. पोराचा घाम निघाला. दहावीच्या मार्कशीटवर नाव 'श्रीशैल', आधारवर 'श्रीशैल्य'. आईनं मल्लिकार्जुनाला नवस केला होता, त्या भरात आधार काढताना एक 'य' जादा लागला असणार. आता तो 'य' काढायला केंद्रावर जायचं, पुरावे न्यायचे, एक दिवसाचा पगार बुडवायचा.

"मामा," तो वैतागून म्हणाला, "त्या सरांकडं असलं काय नव्हतं बघा. नावाचं एक अक्षर विचारलं नव्हतं त्यांनी."

"मग पहिल्या दिवशी विचारलं काय?"

"पास झाल्याचं साल कुठलं टाकू म्हणून."