कॅन्डिडावाले काका

छत्रपती संभाजीनगरात कॅन्डिडावाले काका पहाटे सिद्धार्थ उद्यानात किंवा हिमायतबागेत हमखास आढळतात. वय साठीच्या पुढे, नोकरी वाळूज नाहीतर चिकलठाणा एमआयडीसीत झालेली, मुलगा पुण्याला, हातात मोबाइल. मोबाइलमध्ये एका ग्लासाचा फोटो. ग्लासात पाणी, पाण्यात थुंकी. उठल्याबरोबर, चूळ भरण्याआधी पाण्यात थुंकायचे. तारा खाली लोंबल्या की पोटात कॅन्डिडा माजला, असे हे शास्त्र. तारा कोणाच्याही लोंबू शकतात, कारण लाळच मुळात चिकट. कॅन्डिडाचा त्यात काडीचा संबंध नाही. हे सांगितले की काका कालचाही फोटो दाखवतात. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात रोज ग्लासभर पाणी असे खर्ची घालणाऱ्याच्या श्रद्धेबद्दल शंका घेता येत नाही.

कॅन्डिडा ही यीस्टच्या जातीची बुरशी. अनेक धडधाकट माणसांच्या तोंडात आणि आतड्यांत ती कोणाला त्रास न देता राहते. काकांच्या मते मात्र थकवा, ढेकर, विसराळूपणा, सुनेशी न पटणे या सगळ्याचे मूळ तीच. कल्पना त्यांची नव्हे. टेनेसीचे डॉ. विल्यम क्रूक यांनी १९८३ साली पुस्तक लिहून ती अमेरिकेत घरोघर नेली. १९८६ मध्ये तिथल्याच अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने ही निव्वळ अटकळ आहे, पुरावा नाही, असे जाहीर केले. पहिली बातमी हिमायतबागेत पोचली. दुसरी अजून वाटेत आहे.

पथ्य कडक असते. साखर, गूळ, मैदा, फळे आणि आंबवलेले सगळे बंद; म्हणजे इडली गेली, धिरडी गेली, केसर आंबा गेला. तुघलकाच्या लष्कराबरोबर आला अशी आख्यायिका असलेल्या नान-खलियातला खलिया काका वाटीभर ओरपतात, नान मात्र ‘यीस्टचं पोतं’ म्हणून शेजाऱ्याकडे सरकवतात. हेतू असा की बुरशी उपाशी मरावी. पण रक्तातली साखर शरीर आपल्या बेताने राखते. गोड सोडले तर यकृत ती स्वतः तयार करते. मग डिटॉक्स येतो: अनशापोटी दोन चमचे खोबरेल, कच्चा लसूण, वर कडुनिंबाचा रस. खोबरेलातली काही आम्ले प्रयोगशाळेतल्या काचपात्रात बुरशी मारतात हे खरे, पण काकांचे आतडे हे काचपात्र नव्हे. मळमळले तर काका म्हणतात, “बुरशी मरायलीय.” डोके दुखले तरी मरायलीय, बरे वाटले तर मेलीच. हरण्याची सोयच नाही.

या जातीचा सर्वोत्तम नमुना शहरातल्या बिअरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला असतो. ज्या यीस्टने गारखेड्यात घर बांधून दिले, तिच्याच भाऊबंदांशी आता त्याचे वैर. हुरडा पार्टीला हा स्वतःचा ग्लास घेऊन येतो. मुक्कामी लग्नात पहाटे मंगल कार्यालयाच्या खिडकीत ओळीने चार ग्लास दिसले, तर व्याह्यांचीही तपासणी झाली असे समजावे.

खरा कॅन्डिडा याच घरात, दुसऱ्या खोलीत असतो. काकूंना दहा वर्षे मधुमेह. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर किंवा साखर वाढलेली असताना योनीमार्गात ही बुरशी माजते. कंड, आग, दह्यासारखा पांढरा स्राव. काकू हे कोणालाच सांगत नाहीत, मेडिकलवरून भलतीच ट्यूब आणून लावतात. ज्या घरात नाश्त्यालाही कॅन्डिडाचाच विषय, तिथे हा शब्द उच्चारायची चोरी फक्त त्यांनाच. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ४२ बायकांना आळीपाळीने निस्टॅटिन आणि नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या होत्या. योनीचा त्रास औषधाने कमी झाला; थकवा, उदासी यांना मात्र दोन्हींनी सारखाच उतार पडला. म्हणजे औषध लागू होते ते काकूंच्या दुखण्याला, काकांच्या नव्हे.

आता काकांची एक बाजू नाइलाजाने नोंदवली पाहिजे. कॉलनीत कोणाचाही पेशंट घाटीच्या सरकारी दवाखान्यात असो, केसपेपरच्या रांगेत सकाळी हेच उभे असतात, रात्री डबाही हेच पोचवतात. काकूंचे दुखणे कधीतरी लेकीकडून कळते तेव्हा ते एकदम गप्प होतात, स्कूटर काढतात आणि डॉक्टरबाईंच्या ओपीडीबाहेर दोन तास बाकावर बसून राहतात; शेजारच्याला फोटो दाखवत नाहीत. आत क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या मिळतात आणि साखर आटोक्यात आणा अशी तंबी. काकूंच्या चहातली साखर त्याच संध्याकाळी काका बंद करतात. कंड थांबते. मग बागेत जाहीर होते की साखर तोडली म्हणूनच कॅन्डिडा गेला. आणि यात निम्मे खरे असल्यामुळे त्या दिवशी कोणालाच वाद घालता येत नाही.