कढीपत्त्याचे इनामदार

1948 साली निजामाची राजवट संपुष्टात आली आणि यथावकाश इनामेही खालसा झाली, असा जो समज आमच्या धाराशिव जिल्ह्यात रूढ आहे, त्याला आमच्या परसातील कढीपत्ता अपवाद आहे. कारण मृगाच्या सरींनी त्याला कोवळी पालवी फुटते न फुटते, तोच काळ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या लिंबाळी फुलपाखराची मादी पालवीवर एकेक फिकट पिवळे अंडे चिकटवून सारे झाड संततीच्या नावे करून जाते.

तीन-चार दिवसांत बाहेर पडणारी अळी प्रथम स्वतःच्या अंड्याचे टरफलच भक्षण करून जन्माचा पुरावा नाहीसा करते, आणि पुढे पक्ष्याच्या विष्ठेचे हुबेहूब रूप धारण करून पानावर निश्चल पडून राहते. अब्रू सोडली की जीव वाचतो, हे तिला उपजतच कळते. चार वेळा कात टाकल्यावर मात्र ती हिरवीगार व गुबगुबीत होते. उस्मानाबादी शेळीच्या चरण्याची ख्याती मोठी. पण देहाच्या मानाने खाण्याचा हिशेब मांडल्यास ह्या अळीपुढे ती शेळी उपोषणास बसली आहे असेच म्हणावे लागेल!

फोडणीला पान उरत नाही, अशी आमच्या सौभाग्यवतींची फिर्याद रोज तोंडी दाखल होऊ लागल्यावर मी अळ्यांना बरणीत नजरकैदेत ठेवले आणि त्याच झाडाच्या पाल्याचा शिधा मंजूर केला. म्हणजे गुन्हा कायम राहून केवळ घटनास्थळ बदलले. डिवचले असता अळी मानेमागून नारिंगी, दुभंगलेले शिंग काढून उग्र दर्प सोडते. 1758 साली लिनियसने ह्या जातीला डेमोलियस हे व्हर्जिलच्या महाकाव्यातील ग्रीक योद्ध्याचे नाव बहाल केले. त्या वीरापाशी निदान चिलखत होते, येथे सारा बंदोबस्त दुर्गंधीवर.

यथाकाल अळ्या कमरेला रेशमाचा धागा आवळून कोशात गेल्या आणि आठवड्याभराने फुलपाखरे निघाली. पाहुण्यांनी ती वाखाणली. माझ्या मते मात्र त्यांचे जे काही व्यक्तिमत्त्व होते, ते अळीपणातच खर्ची पडले होते.

झाडावरच राहिलेला एक कोश मी मागाहून आणून ठेवला होता. तो ओला असतानाच कोणा सूक्ष्म गांधीलमाशीने आत अंडी घातली असावीत. कारण एके सकाळी त्याला बारीक भोक पडून चकचकीत, चिमुकल्या माश्यांची पलटणच बाहेर आली. मी खिन्न मनाने हा अहवाल स्वयंपाकघरात सादर केला.

"अहो, ह्या कढीपत्ता खातात का?"

"नाही."

"मग पुढल्या वर्षी ह्याच पाळा की!"