कंडेन्सर-मीमांसक

वसईच्या किनारपट्टीवर, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला केळीच्या वाड्या असलेल्या राजोडीसारख्या गावी, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर जीव जडलेल्या निवृत्त गृहस्थांची एक जात आढळते. तिचे व्यवच्छेदक लक्षण मात्र संगीतप्रेम नसून कंडेन्सरची निवड हे होय. पुस्तके ज्याला कपॅसिटर म्हणतात, तोच दुकानदाराचा कंडेन्सर. पॉवर सप्लायमधला मोठा कंडेन्सर म्हणजे विजेचा रांजण असतो: घरची 230 व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मरने उतरवून डायोडांतून सरळ केली, तरी तिच्यात सेकंदाला शंभर हेलकावे उरतात आणि ते हा रांजण भरून काढतो. त्यातील द्रव वर्षानुवर्षे वाळत गेला की तेच हेलकावे स्पीकरमधून घुमू लागतात, आणि मीमांसकाच्या आयुष्याला प्रयोजन लाभते.

वास्तविक नियम सोपा आहे. व्होल्ट मूळचे किंवा थोडे जास्त घ्यावेत, कमी कधीही नाहीत; मायक्रोफॅरड, म्हणजे रांजणाचे माप, मूळच्या आसपास ठेवावे, कारण 4700 च्या जागी 22000 बसवले तर बटण दाबताच ते भरण्यासाठी एवढी वीज धावते की फ्यूज किंवा डायोड जायचा. पण सोपा नियम पाळून निवृत्तीनंतरचे दिवस सरत नाहीत. म्हणून 85 अंशांचा घ्यावा की 105 अंशांचा, यावर वही निघते. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते, या हिशेबाने 105 अंशांना 2000 तासांचा कंडेन्सर 45 अंशांना 1,28,000 तास टिकतो. म्हणजे दर रविवारी दोन तास वाजवल्यास, कागदावर तरी, बाराशे वर्षे. हा आकडा मीमांसक पाहुण्यांना चहाबरोबर देतो.

पुढचे संकट आकाराचे. नवे कंडेन्सर जुन्यांहून बारीक असल्याने मूळच्या पट्टीत खुळखुळतात. त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळणे हा रामबाण उपाय असला, तरी तो पत्करण्याआधी व्हर्नियर घेऊन लॅमिंग्टन रोडच्या तीन फेऱ्या व्हाव्याच लागतात. निदानातही अडचण आहेच: गळक्या कंडेन्सरला कधीकधी माशासारखा वास येतो, आणि अर्नाळ्याकडून वाळत्या बोंबलांचा वारा सुटला की घरातला प्रत्येक कंडेन्सर गळका ठरतो.

एवढ्या मीमांसेत एक तपासणी मात्र हटकून राहून जाते. वाचकांपैकी कोणाचा डबा घुमत असेल, तर झाकण उघडण्यापूर्वी, कारण आतला कंडेन्सर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो, आवाजाची कळ शून्यावर आणून पाहावी. घुमणे थांबले, तर कंडेन्सर बहुधा निर्दोष असून दोष रेकॉर्ड प्लेअरच्या वायरीत शोधावा.