सूर जरा चुकलाच

आमच्या नानांना खोटं बोलताना कुणी ऐकलेलं नाही. खरं बोलतानाही नाही. एखादं विधान कानावर पडलं की ते खरं की खोटं या फंदात नाना पडत नाहीत. आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे, आणि वारा कुठला आहे ते कळलं की मान डोलावतात. सोसायटीच्या सभेत मतदानाला त्यांचा हात खांद्यापर्यंतच वर जातो. ठराव पडतोयसं दिसलं, की तोच हात कान खाजवायला लागतो.

यंदाच्या वार्षिक सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या पोराने विचारलं, टाकी एकदाच धुतली, मग बिलं दोन कशी? दोन्ही बिलं त्याच्या हातातच होती. सभा चिडीचूप. नाना उठले. "मुद्दा चूक आहे असं मी म्हणत नाही. पण खजिनदारांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय. सूर जरा..." पुढचा अर्धा तास चर्चा पोराच्या सुरावर झाली. बिलं मंजूर झाली आणि पोराकडून दिलगिरी लिहून घेतली. मसुदा नानांचा. (सुरेख होता, हे मान्य केलं पाहिजे.)

हेच नाना आगरकरांवर व्याख्यान असलं की पहिल्या रांगेत. १८८८ साली 'सुधारक' काढणाऱ्या या माणसाची पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, हे ऐकताना त्यांचे डोळे भरून येतात. मला मात्र राहून राहून वाटतं, त्या यात्रेत नाना असते. पुढे नव्हे, तिरडीला खांदा देण्याइतकं ठाम मत त्यांनी कधी बाळगलंच नाही. मागे, धोतराचा सोगा सांभाळत, 'विचार पटतात हो त्यांचे, पण भाषा!' असं शेजारच्याला सांगत.

र. धों. कर्व्यांबद्दलही नितांत आदर. १९२१चं संततिनियमनाचं केंद्र, १९२७ पासूनचं 'समाजस्वास्थ्य', अश्लीलतेचे खटले, बाबासाहेबांनी घेतलेलं वकीलपत्र, सगळं तोंडपाठ. परवा नातीने विचारलं, "आजोबा, आमच्या शाळेत लैंगिक शिक्षणाचा तास ठेवायचा म्हणतायत. पालकसभेत तुम्ही बोलाल?"

"आत्ताच नको गं. समाजाची तयारी नाही."

"कर्व्यांच्या वेळी होती?"

"त्यांची गोष्ट वेगळी."

"वेगळी म्हणजे?"

नानांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"म्हणजे, ते आता हयात नाहीत ना."