बसेल त्याचं टेबल

लॉ कॉलेज रस्ता आणि प्रभात रस्ता यांच्या मधल्या एका गल्लीत, पूर्वी बंगल्याचं गॅरेज होतं तिथे, आमचा कॅफे आहे. ‘आमचा’ म्हणजे आम्हा बसणाऱ्यांचा. मालक नुसता चालवतो. तो गडहिंग्लजकडचा, त्यामुळे स्वभावानेच ढिला. गिऱ्हाईक दोन तास बसलं तरी वर विचारतो, “पंखा वाढवू का?” भिंतीवर एकही पाटी नाही. अस्सल पुणेकर आत आला की आधी बावचळतो. इथे काय करायला मनाई आहे हेच कळत नसेल तर माणसाने वागायचं कसं?

गुडलक १९३५ पासून डेक्कनला उभं आहे, पण तिथे जायचं तर निदान भूक लागावी लागते. आमच्याकडे यायला काहीच लागत नाही.

आसपासच्या संस्था बघितल्या तर हे असंच होणार होतं. जवळच १९१७ सालची भांडारकर संस्था, थोडं पुढे १९२४ सालचं विधी महाविद्यालय, आणि प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट. तिन्हीकडच्या मंडळींकडे वेळ मुबलक. टंचाई फक्त चालू प्लगची. आमच्या कॅफेत असा प्लग एकच, खिडकीशी. तोही चार्जर जरा डावीकडे कलता धरला तरच चालतो, म्हणून चार्जरखाली कायम कुणाचं तरी जाडजूड पुस्तक टेकवलेलं असतं. सध्या पुराव्याचा कायदा आहे.

ते पुस्तक ज्याचं, त्या विधीच्या पोराने खुर्चीच्या हक्काचं शास्त्रच बनवलंय. १९४८च्या कूळकायद्याने ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व आलं, १ एप्रिल १९५७ला कूळ जमिनीचं मालक झालं. त्याच न्यायाने बसेल त्याचं टेबल. कपात घोटभर कॉफी शिल्लक आहे तोवर वहिवाट शाबूत. त्यामुळे त्याच्या कपाच्या तळाशी कॉफी कायम असते. तिच्यावर साय धरते, साय सुरकुतते, कडेला तपकिरी वळं उमटतं. एकदा त्यात मुंगी पडली. पठ्ठ्याने ती टिशूच्या टोकाने अलगद बाहेर काढली आणि कप होता तिथे ठेवला. नव्या वेटरने एकदा तो कप उचलला, तेव्हा “बेकायदा बेदखली!” अशी आरोळी सगळ्या गल्लीने ऐकली.

कोपऱ्यात संस्कृतच्या एक बाई पीएचडी करतात. किती वर्षं, हे विचारण्याचा असभ्यपणा कुणी करत नाही. एका उपऱ्याने केला, तर त्यांनी लॅपटॉपवरून मान न उचलता सांगितलं, “भांडारकरने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ला हाती घेतली आणि १९६६ला पुरी केली. सुकथनकर गेले, मग बेलवलकर आले, मग वैद्य. माझे तर अजून दुसरेच मार्गदर्शक आहेत.” उपरा निमूटपणे सँडविच खाऊन गेला.

सकाळी मात्र राज्य टेकडीवाल्या काकांचं. हनुमान टेकडी उतरून पाच जण येतात आणि तीन कॉफ्या पाचांत मागवतात. मेट्रो, मुठा आणि दुसऱ्याचा गुडघा या विषयांवर त्यांची मतं पक्की आहेत. सुरुवातीला त्यांचं बिनसलं होतं ते बशीवरून. या नव्या कॅफेवाल्यांकडे कपाखाली पुठ्ठ्याची चकती देतात. एका काकांनी ती उलटसुलट करून बघितली, हुंगली आणि विचारलं, “आता कॉफी यात ओतू?” दुसऱ्या दिवशी मालक तुळशीबागेतून सहा बश्या घेऊन आला. धंद्यातला हा त्याचा सर्वांत मोठा निर्णय, आणि माझ्या मते सर्वांत शहाणा.

गेल्या महिन्यात मात्र गॅरेजचं भाडं वाढलं. मालकाने डोकं खाजवत जाहीर केलं, “एक पाटी लावावी म्हणतोय. तासाला एक तरी ऑर्डर द्या, अशी.” क्षणभर शांतता. मग सगळ्यांच्या चेहऱ्यावर काम मिळाल्याचा आनंद पसरला.

विधीच्या पोराने तिथल्या तिथे मसुदा केला. त्यात ‘तास’ आणि ‘ऑर्डर’ यांच्या व्याख्या होत्या, आणि पाण्याचा ग्लास ऑर्डर धरावा की नाही यावर एक परंतुक. काकांनी त्यातल्या सात वेलांट्या दुरुस्त केल्या. आठवीवरून दोघांत अबोला झाला, म्हणून तूर्त कॉफ्या वेगळ्या येतात. संस्कृतच्या बाई म्हणाल्या, आधी शहरातल्या इतर पाट्यांचे पाठभेद जमवा. फिल्मवाल्या मुलाने पाटीचा सूर फार थेट आहे, प्रेक्षकाला काही उरतच नाही, अशी हरकत घेतली आणि नुसती रिकामी चौकट टांगायची सूचना केली. तिला एक मत पडलं. ते माझं.

बैठका संध्याकाळी पाचला सुरू होतात आणि दिवेलागणीनंतर रंगात येतात. वाद घालून घसा कोरडा पडतो, मग कॉफी येते; मुद्दा अडला की बनमस्का येतो. परवा चौथा मसुदा बहुमताने फेटाळला गेल्यावर मला जरा मालकाची दया आली. म्हटलं, उद्या शेवटचा हात फिरवून पाटी देऊन टाकतो. मालक गल्ल्यातल्या नोटा सारख्या करत होता. तो घाईघाईने म्हणाला, “गडबड कशाला करताय, साहेब? एवढा महिना चालू द्या की चर्चा!”