बांधलेलं सामान, सुटी माणसं

राफ्टवर अंडी बांधतात, माणसं बांधत नाहीत. ग्रँड कॅन्यनमधला नदीप्रवास अॅरिझोनातल्या लीज फेरीपासून सुरू होतो. तिथल्या वाळूवर उभा राहून मी सकाळभर हा बांधाबांधीचा सोहळा पाहत होतो. बर्फाच्या पेट्या, पिठाचे डबे, तंबू, गॅसच्या टाक्या... प्रत्येकाला पट्टा, पट्ट्याला बक्कल, आणि बक्कल ओढून झाल्यावर उरलेल्या टोकाची पुन्हा गाठ. अंड्यांच्या पेटीला तर उभे-आडवे मिळून चार पट्टे होते. सगळं मनासारखं झाल्यावर गाईडबाईंनी आम्हाला त्या ढिगाच्या पुढच्या टोकाला बसवलं आणि म्हणाल्या, "आता घट्ट धरा." काय धरा? तर तेच पट्टे.

माझ्या मेहुण्यानं नम्रपणे विचारलं, की आम्हालाही एखादा पट्टा मिळेल का. बाईंनी समजावलं, राफ्ट उलटली तर बांधलेला माणूस तिच्याखाली अडकतो आणि सुटा माणूस लाइफ जॅकेटच्या जोरावर वर येतो. तर्क बिनतोड होता. फक्त त्यातले 'राफ्ट उलटली तर' हे शब्द त्यांनी 'पाऊस आला तर' इतक्या सहज उच्चारले, ते मला खटकलं.

हा मेहुणा फिनिक्सला असतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही दोघं नवरा-बायको सांगलीहून इथवर आलो. राफ्टिंगचा त्याचा पूर्वानुभव कोलाडचा. कुंडलिकेवर भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सोडतात, त्यावर तासा-दीड तासात राफ्टिंग उरकायचं आणि मासळीच्या थाळीवर बसायचं, एवढं त्याला ठाऊक. "दाजी, तेच आहे, जरा लांब आहे इतकंच," असं त्यानं मला फोनवर सांगितलं होतं. लीज फेरी ते डायमंड क्रीक हे अंतर २२६ मैल, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. मध्ये बाहेर पडायचं तर ८८ मैलांवर फँटम रँच लागतं, आणि तिथून सुमारे तेराशे मीटर उंचीचा कडा पायी चढायचा. तो कडा पाहिल्यावर राफ्टमध्येच बसावं असं कुणालाही वाटतं.

तरी एका बाबतीत त्याचं बरोबर होतं. ही नदीही वीजकेंद्राच्याच तालावर वाहते. लीज फेरीच्या थोडं वर ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ साली त्याचे दरवाजे बंद झाले आणि तोवर गाळानं लाल वाहणारी कॉलोराडो खाली हिरवी आणि गार झाली. पाणी जलाशयाच्या खोलातून येतं, त्यामुळे हवा चाळीस अंशांच्या वर आणि पाणी दहा-बारा अंशांवर. पहिल्या लाटेनं छातीवर पाणी फेकलं तेव्हा मी जे बोललो ते सुदैवानं बोटीवर तिघांनाच कळत होतं, आणि दोघं घरचे होते.

वाळवंटातल्या शहरांत दुपारी एसी सुरू झाले की धरणातून जास्त पाणी सुटतं, रात्री कमी. ती वाढ वाहत वाहत खाली पोचायला वेळ घेते, त्यामुळे नदीला भरती-ओहोटी असते आणि तिची वेळ दर मुक्कामाला वेगळी. रात्री राफ्ट चुकीच्या जागी बांधली तर सकाळी ती कोरड्या वाळूवर बसलेली सापडते. हे कळल्यावर हिनं भावाला विचारलं, "निघताना घरचा एसी बंद केलास ना रे?" तो म्हणाला, "नाही ताई, कुंड्यांतल्या झाडांसाठी चालू ठेवलाय." म्हणजे आमच्या राफ्टखालचं थोडं पाणी आम्ही घरूनच आणलं होतं.

पाण्याचा हिशेब इथे घनफूट दर सेकंदात करतात. पहिल्या संध्याकाळी बाईंनी आकडा सांगितला, तेव्हा बाकीची मंडळी माना डोलवत होती. कळला फक्त मला. सांगलीच्या माणसाला क्युसेक शिकवावा लागत नाही. कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विन पुलाशी पाणी कितीवर, हे आम्ही पावसाळाभर देवाच्या नावाआधी विचारतो. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे पोरांना पाढ्यांबरोबर येतं. म्हणून "उद्या चौदा हजार" हे ऐकून मी जरा उपहासानंच हसलो. एवढ्या पाण्याची आमच्याकडे बातमीसुद्धा होत नाही. पण कृष्णेला पसरायला मळे आहेत, पेठा आहेत, प्रसंगी आमची घरं आहेत. या नदीला दोन्ही बाजूंनी दगडी भिंत. तिला जे काही म्हणायचंय ते तिथल्या तिथे, उभ्यानंच म्हणते.

१९८३ साली याच भिंतींमधून ९० हजार क्युसेकच्या वर पाणी गेलं. धरण सांभाळताना इंजिनिअरांचे प्राण कंठाशी आले होते. त्याच पुरात तिघा जणांनी 'एमराल्ड माईल' नावाची लाकडी होडी लीज फेरीला गुपचूप पाण्यात घातली आणि २७७ मैलांचा अख्खा कॅन्यन ३६ तास ३८ मिनिटांत वल्हवत पार केला. वाटेत क्रिस्टल नावाच्या रॅपिडमध्ये, म्हणजे खळाळत्या उतारात, होडी उलटली, ती सरळ करून पुन्हा वल्हवत निघाले. ही गोष्ट बाई ज्या भक्तिभावानं सांगतात, त्यावरून हा त्यांच्या संप्रदायाचा मुख्य ग्रंथ असावा.

रॅपिड तयार होतो तो मुख्य नदीमुळे नव्हे, बाजूच्या ओढ्यांमुळे. वर्षभर ठणठणीत कोरडा असलेला ओढा एखाद्या वादळी पावसात चिखल आणि घराएवढाले धोंडे घेऊन खाली येतो, नदीच्या पात्रात टाकतो आणि पुन्हा कोरडा होऊन बसतो. क्रिस्टल तसा साधासुधा होता. डिसेंबर १९६६ मध्ये एका पावसानं त्याला इथल्या सगळ्यात धाक वाटणाऱ्या रॅपिडांत नेऊन बसवलं. नदीची निम्मी उतरण अशा रॅपिडांत उरकते, आणि त्यांची लांबी एकूण अंतराच्या जेमतेम दहावा हिस्सा. उरलेला नऊ हिस्से वेळ प्रवासी चित्रं काढतात, पाय वाळवतात आणि पुढच्या रॅपिडचा नंबर विचारतात. कारण जगभर रॅपिडना एक ते सहा अंक देतात, इथे एक ते दहा. परीक्षा अवघड आहे हे मान्य करून गुण वाढवून दिलेत.

मोठ्या रॅपिडच्या आधी राफ्ट काठाला लावतात आणि गाईड मंडळी उंच खडकावर चढून तो पाहतात. आपणही मागून जायचं असतं. माझं स्पष्ट मत आहे, की जाऊ नये. रॅपिड पंधरा-वीस सेकंदांत संपतो, खडकावरचं उभं राहणं अर्धा तास चालतं. गाईड बोटं दाखवत बोलतात. ती गुळगुळीत हिरवी जीभ, तिच्यावरून आत जायचं. तिथे डावीकडे होल, म्हणजे बुडालेल्या खडकावरून कोसळून पाणी जिथे उलटं फिरतं आणि सापडेल ते फिरवत ठेवतं. तिथे जायचं नाही. मग शांतता. मग कुणीतरी एक काटकी पाण्यात फेकतं. सगळे ती कुठे जाते ते पाहतात. ती नेमकी होलमध्ये जाते. मग सगळे लाइफ जॅकेटचे पट्टे आवळतात.

या उभं राहण्यात मला या विद्येचं गुपित कळलं. सगळी कला आत शिरण्यात आहे. वरच्या टोकाला राफ्ट चार हात इकडे की चार हात तिकडे, एवढंच गाईडच्या हातात. टनभर वजनाची ती गोष्ट एकदा जिभेवर चढली, की वल्ही मारणारी बाईसुद्धा सामान होते. फरक इतकाच, की तिला ते माहीत असतं.

सामानात पुन्हा प्रतवारी असते. आमच्या राफ्टवर सगळ्यात मानाची वस्तू अंडी नव्हती. ती होती बंदुकीच्या गोळ्या ठेवायची एक लष्करी लोखंडी पेटी, रबरी पट्टीनं हवाबंद केलेली. या कॅन्यनमध्ये मागे काही ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि काही म्हणजे काहीही. रोज सकाळी ती पेटी नदीचं उत्तम दृश्य दिसेल अशा आडोशाला मांडत, आणि निघताना पुन्हा राफ्टवर येई. तिला किती पट्टे होते ते मी मोजले नाहीत, पण पुढे येणाऱ्या लाव्हा फॉल्स या रॅपिडमध्ये मी गेलो तरी चालेल, ही जाता कामा नये, हे बाईंच्या नजरेत लिहिलेलं होतं.

दुसरा नियम त्याहून कठीण. लघवी नदीतच करायची, काठावर नाही. वाळवंटात धुऊन न्यायला पाऊस नाही, वाळूत केलेलं वर्षानुवर्षं वास मारतं, आणि नदीला तेवढ्यानं काही होत नाही. शास्त्र पटलं, शरीर ऐकेना. कृष्णामाईच्या घाटावर लहानपणी याच कारणासाठी ज्यांनी कान धरले, ते काका माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. पहिल्या रात्री मी बराच वेळ गुडघाभर थंड पाण्यात उभा होतो. शेवटी मनात त्यांची क्षमा मागितली.

देव मात्र इथे जागोजाग आहेत. १८८०च्या सुमारास क्लॅरेन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाला इथली शिखरं पाहून देवळं आठवली आणि त्यानं तशी नावं ठेवली: विष्णू टेंपल, शिवा टेंपल. ब्रह्माचं, रामाचं आणि कृष्णाचंही एकेक शिखर आहे. तळाशी जो काळा खडक लागतो, तो १७० कोटी वर्षांहून जुना आणि त्याचं अधिकृत नाव विष्णू शिस्ट. शिखरांना देवांची नावं आणि पोटातल्या रॅपिडना हान्स, हर्मिट, अपसेट, ही वाटणी मला योग्य वाटली. अपसेटमध्ये गटांगळी खाताना कुणाचंही नाव घेतलं तरी चालतं.

आमची ही वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिला वाळूत चक्क धोत्रा फुललेला सापडला, पांढरा, वीतभर. वर शिवा टेंपल, खाली धोत्रा! पण राष्ट्रीय उद्यानात पान तोडायलाही बंदी. तिनं मानसपूजा केली, आणि त्या निमित्तानं बोटीवरच्या अमेरिकन मंडळींना एक व्याख्यान दिलं: १९३८ साली या कॅन्यनमधून सबंध प्रवास केलेल्या पहिल्या दोन ज्ञात स्त्रिया, एल्झाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर, वनस्पतिशास्त्रज्ञच होत्या, आणि त्या दिवसभर रॅपिड खाऊन संध्याकाळी रोपटी दाबत बसायच्या. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे अशा अपेक्षेनं पाहिलं, की मीही काही तरी सांगेन. मी क्युसेकबद्दल सांगितलं. टाळ्या झाल्या नाहीत.

मला आदर वाटतो तो मेजर पॉवेलचा. शिलोच्या लढाईत उजवा हात गमावलेला हा माणूस १८६९ मध्ये नऊ जणांना घेऊन चार लाकडी होड्यांतून या अज्ञात नदीत उतरला. शेवटी खायला उरलं होतं खराब झालेलं पीठ, सुकी सफरचंदं आणि कॉफी. तिघांना एक रॅपिड पाहून पुढे जाववेना, ते कडा चढून गेले आणि वर पठारावर मारले गेले. होडीत बसून राहिलेले दोन दिवसांत सुखरूप बाहेर पडले. १८७१ च्या दुसऱ्या मोहिमेत पॉवेलनं होडीवर हात असलेली एक खुर्चीच बांधून घेतली आणि तिच्यात बसून पुढचं पाणी पाहत गेला. खुर्ची बांधलेली, मेजर सुटे! परंपरा जुनी आहे.

मग तो दिवस आला. लाव्हा फॉल्स १७९ व्या मैलावर आहे. सकाळपासून बाईंचे विनोद कमी होत गेले, तसं आम्हाला अधिक हसू यायला लागलं. रॅपिडच्या थोडं आधी नदीच्या मधोमध ज्वालामुखीचा एक प्रचंड काळा खडक उभा आहे, व्हल्कन्स अॅन्व्हिल. तिथल्या मूळ रहिवाशांना तो पवित्र. हिनं हात जोडले. मेहुणा तोवर स्वतःला नास्तिक म्हणवत असे. त्यानंही जोडले, फक्त डोळे मिटले नाहीत, म्हणजे तत्त्व शाबूत राहिलं.

नाव लाव्हाचं असलं तरी तो रॅपिड घडवला समोरच्या प्रॉस्पेक्ट कॅन्यननं वाहून आणलेल्या धोंड्यांनी. खडकावर पुन्हा ते उभं राहणं. मध्ये एक भलंमोठं होल, तिथे अजिबात नको. उजवीकडून आत, मग दोन तिरप्या लाटा एकमेकींना भिडतात त्यांच्या मध्ये, मग खाली एक काळा धोंडा, त्यालाही नको. आणि वाट कशी सापडणार? तर पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ असते, तिच्यावरून जायचं. मी दोनदा विचारून खात्री केली. माझ्या निवृत्तिवेतनाचा उरलेला सगळा हिशेब आता बुडबुड्यांवर होता.

राफ्टमधून पाहिलं तर नदी पुढे संपलेली दिसते. एक सरळ रेघ, तिच्यापलीकडे काही नाही, अधूनमधून मागून पाण्याचा एखादा फवारा उडतो. बाई उभ्या राहून बुडबुडे शोधत होत्या. "दाजी, घट्ट धरा," मेहुणा म्हणाला. मी अंड्यांच्या पेटीचे दोन पट्टे धरले. रेघेवरून आम्ही खाली गेलो आणि त्या दोन लाटा आल्या. लग्नाच्या पंगतीत दोन्ही बाजूंनी आग्रह करणारे वाढपी येतात ना, तशा. नाही म्हणायला तोंड उघडलं की त्यातच ओतत होत्या. उजेड गेला, हिरवं दिसलं, मग उजेड आला, पुन्हा गेला. हिचा आवाज ऐकू आला, ती किंचाळत नव्हती, हसत होती. काळा धोंडा हाताच्या अंतरावरून गेला. आणि मग शांत पाणी, सगळे राफ्टवर, बाई दोन्ही वल्ही सोडून आकाशाकडे ओरडतायत.

लाव्हाच्या खाली जिवंत पोचल्याचा सण साजरा करायची इथे रीत आहे. मेहुण्यानं सण लगेच सुरू केला. उभा राहिला, फोन काढला, आमच्याकडे पाठ करून मागच्या लाव्हासकट स्वतःचा फोटो घेऊ लागला. लाव्हाला लागूनच खाली एक छोटा रॅपिड आहे, हे बाई ओरडून सांगत होत्या. फोन राफ्टमध्ये पडला, मेहुणा नदीत. हिनं आणि मी त्याच्या जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरले, बाईंनी शिकवल्याप्रमाणे मागे रेललो, आणि तो आमच्या अंगावर आत आला. दात वाजत होते. वाजता वाजता त्यानं बाईंना पहिला प्रश्न विचारला, "या रॅपिडचा नंबर किती?"

बाई म्हणाल्या, "फार तर चार."

फिनिक्सच्या मराठी मंडळींत तो ही हकीकत अजून सांगतो. नंबर सांगत नाही. "लाव्हाला पडलो," म्हणतो, आणि मग थोडं थांबून, "लाव्हाच्या जवळ."