शहाणी शेगडी

आर्वी तालुक्यातल्या रोहण्यात आता शेगडीलाही अक्कल आली आहे. जर्मनचा गंज ठेवला की इंडक्शनबाई टूं-टूं करून नापसंती कळवतात. कारण शास्त्रीय आहे: आतल्या वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र लोखंडी बूडच तापवतं, ॲल्युमिनियमला त्या ओळखही देत नाहीत. म्हणजे शेगडीपाठोपाठ भांडीही नवी! आणि भरिताचं वांगं? ते भाजायला जाळ लागतो, नि नेमका तेवढाच या विदुषींकडे नाही. वीज गेली की त्यांची सगळी विद्वत्ता गार. वरण शिजतं ते परसातल्या निरक्षर चुलीवर.

स्वयंपाकघराला शहाणं करण्याचं हे खूळ आजचं नाही. १९६९ साली अमेरिकेत हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ १०,६०० डॉलरला जाहीर झाला. पाककृती सांगणार, पण त्याची भाषा शिकायला गृहिणीनं दोन आठवड्यांचा वर्ग करायचा. एकही विकल्याची नोंद नाही. रोहण्यातल्या सासूनं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, “मंग तवरिक पोया कोन लाटन?”

तरी इंडक्शन घ्यायचीच असेल, तर आधी घरातल्या भांड्यांच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला नाही, तर शेगडीबरोबर भांड्यांचेही पैसे खिशात ठेवा.